टिंटेड ग्लो सीरम कसे निवडावे: त्वचेचा प्रकार, रंग आणि सातारा-सांगलीची हवा

महाबळेश्वर-पाचगणीच्या धुक्यापासून आटपाडी-जतच्या रखरखीत माळापर्यंतचा पट्टा जेमतेम दीड-दोनशे किलोमीटरचा आहे, पण तेवढ्या अंतरात हवा इतकी पालटते की पावसाळ्यात वाईला चेहऱ्यावर छान बसलेले सीरम एप्रिलमध्ये कवठेमहांकाळला दुपारपर्यंत एक तर चिकट होते, नाही तर सुकून त्वचा ओढल्यासारखी वाटू लागते. त्यामुळे एखाद्या व्हिडिओत कोणाच्या तरी चेहऱ्यावर शोभलेली बाटली तशीच मागवण्यापेक्षा आपली त्वचा, आपला रंग आणि आपण दिवसभर ज्या हवेत वावरतो ती हवा, या तिन्हींचा मेळ घालून निवड करणे शहाणपणाचे ठरते.

टिंटेड ग्लो सीरम एकाच थरात तीन कामे करू पाहते: त्वचेला ओलावा देणे, रंगाचा अगदी हलका हात फिरवणे आणि चमक आणणे. त्याचा रंग फाउंडेशनपेक्षा कितीतरी पातळ असल्यामुळे मुरुमांचे गडद डाग किंवा वांग त्याने झाकले जात नाहीत. त्वचा फक्त जराशी एकसारखी आणि ताजी दिसते. बहुतेक जण दुकानात गेल्या गेल्या शेड विचारतात. माझ्या मते शेड ही शेवटून दुसरी पायरी आहे. आधी सीरमचा बेस (रंग ज्यात मिसळलेला असतो ते मूळ द्रव), मग अंडरटोन (त्वचेची आतली झाक), मग शेडची गडदता आणि अखेरीस चमकेचा रंग, या क्रमाने गेल्यास चूक होण्याची शक्यता बरीच कमी होते, कारण इतक्या पातळ रंगात शेड अर्ध्या पायरीने चुकली तरी खपून जाते, पण बेस चुकला तर दोन तासांत चेहरा सांगू लागतो.

आधी त्वचा ओळखा

सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन, टिपून कोरडा करावा आणि तासभर त्यावर काहीही लावू नये. तासाभराने कपाळ, नाक, गाल आणि हनुवटी यांवर स्वतंत्र टिश्यू पेपर दाबून पाहावा. सगळीकडे तेलाचा डाग उमटला तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर उमटला तर मिश्र. कुठेच न उमटता गाल ताणल्यासारखे वाटत असतील तर कोरडी. ज्यांना नवे काहीही लावले की जळजळ, लाली किंवा खाज येते, त्यांनी स्वतःला संवेदनशील समजून पुढचे सगळे वाचावे, मग त्वचा तेलकट असो वा कोरडी.

ही चाचणी वर्षातून एकदा करून भागत नाही. माण-खटावच्या मे महिन्यात तेलकट ठरलेली त्वचा डिसेंबरात मिश्र होते, आणि ज्या घरांत बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले जाते तिथे साबणाचा अंश त्वचेवर राहून मुळात ठीक असलेली त्वचाही कोरडी भासते. अशा घरांत साबणाऐवजी सौम्य फेसवॉश वापरून आठवडाभराने चाचणी घ्यावी, म्हणजे पाण्याचा दोष त्वचेच्या माथी बसणार नाही.

बेस कोणता घ्यावा

तेलकट त्वचेसाठी पाण्यासारखा पातळ, लावल्यावर लवकर बसणारा बेस घ्यावा. घटकांच्या यादीत नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३चे एक रूप) असल्यास उत्तम. ते तेलाचे प्रमाण आटोक्यात ठेवण्यास आणि डाग फिके करण्यास मदत करते. दोन ते पाच टक्के नायसिनामाइड पुरेसे असते. दहा टक्क्यांचा मोठा आकडा बाटलीवर मिरवणारी सीरमे काहींच्या त्वचेला चुरचुरतात, म्हणून आकड्याच्या मोहात पडू नये. नारळाचे तेल किंवा कोको बटर यादीत वरच्या क्रमांकावर असेल, तर मुरूम येणाऱ्यांनी ती बाटली खाली ठेवावी.

कोरड्या त्वचेला ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड आणि स्क्वालेन हे त्रिकूट मानवते. यातले पहिले दोन पाणी धरून ठेवतात आणि तिसरे ते उडून जाऊ देत नाही. पूर्व भागातल्या कोरड्या हवेत नुसते हायलुरॉनिक ॲसिड असलेले सीरम सुक्या चेहऱ्यावर लावले तर उलट ओढ बसल्यासारखी वाटते, म्हणून ते किंचित ओलसर त्वचेवर लावून त्यावर किंवा त्याखाली मॉइश्चरायझरचा थर द्यावा. यादीत आरंभीच डीनेचर्ड अल्कोहोल (लवकर उडून जाणारे, त्वचा सुकवणारे अल्कोहोल) दिसत असेल तर असे सीरम कोरड्या त्वचेने टाळावे.

मिश्र त्वचेला वेगळे उत्पादन शोधण्याची गरज नाही. तेलकट त्वचेसाठीचे पातळ सीरम घेऊन फक्त गालांवर सीरमच्या आधी मॉइश्चरायझर लावले की काम होते. संवेदनशील त्वचेने सुगंधविरहित आणि शक्य तितक्या छोट्या यादीचे सीरम घ्यावे. चमकेसाठी काही उत्पादनांत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड घातलेले असते आणि काहींना त्याने, विशेषतः घाम आल्यावर, खाज सुटते. यादीत रंगांच्या क्रमांकांत ७७१६३ दिसला की तो घटक आहे असे समजावे.

व्हिटॅमिन सी असलेल्या टिंटेड सीरमबद्दल एक सावधगिरी हवी. साधे व्हिटॅमिन सी सीरम हवेने खराब झाले की पिवळसर, मग तपकिरी होते आणि ते डोळ्यांना दिसते. टिंटेड सीरम मुळातच तपकिरी असल्यामुळे हा बिघाड त्यात लपून जातो. म्हणून व्हिटॅमिन सीसाठी रंग नसलेली वेगळी बाटली घ्यावी, किंवा टिंटेडमध्येच हवे असेल तर ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडसारखे अधिक टिकाऊ रूप आणि ड्रॉपरऐवजी पंप असलेली बाटली पाहावी.

अंडरटोन ओळखणे

त्वचेचा वरचा रंग उन्हातान्हाने, आजारपणाने, ऋतूने बदलतो. आतली झाक मात्र सहसा तीच राहते. आपल्याकडे ही झाक बहुतांशी पिवळसर-सोनेरी असते, काहींची किंचित हिरवट म्हणजे ऑलिव्ह, काहींची गुलाबी-लालसर, तर काहींची कोणत्याच बाजूला न झुकणारी. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या हे पाहण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते, परंतु सावळ्या त्वचेवर शिरांचा रंग धड दिसतच नाही, आणि गव्हाळ त्वचेवर तो हिरवा-निळा असा संमिश्र दिसतो. त्यापेक्षा पुढची पद्धत अधिक खात्रीची आहे.

सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ, थेट ऊन अंगावर येणार नाही असे बसावे. धुतलेल्या चेहऱ्याशेजारी, मानेला लागून, आधी शुभ्र पांढरा कपडा आणि मग मलईच्या रंगाचा, न रंगवलेला सुती कपडा धरावा. शुभ्र कपड्याशेजारी चेहरा पिवळा पडल्यासारखा आणि मलई रंगाशेजारी उजळ वाटला तर झाक पिवळसर. उलट अनुभव आला तर गुलाबी. दोन्हींशेजारी मानेवर हिरवट छटा जाणवत राहिली तर ऑलिव्ह. आणि दोन्हीत काहीच फरक वाटला नाही तर तटस्थ. भिंत गडद गुलाबी किंवा हिरवी असलेल्या खोलीत हा प्रयोग करू नये, कारण भिंतीचा रंग चेहऱ्यावर परततो.

सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे हळदी समारंभानंतर चेहऱ्याचा पिवळेपणा लगेच जात नाही. त्या काळात शेड जुळवली तर हमखास जास्त पिवळी बाटली पदरात पडते. नवरीसाठीची खरेदी हळदीच्या आधी उरकून घ्यावी, आणि हळद किंवा बेसनाचा लेप घरी नेहमी लावणाऱ्यांनी शेड पाहण्यापूर्वी दोन-तीन दिवस तो थांबवावा.

शेड आणि तिच्यामागची रंगद्रव्ये

टिंटेड सीरमचा रंग प्रामुख्याने लोहाच्या ऑक्साइडांतून येतो: लाल, पिवळे आणि काळे. यादीच्या शेवटी त्यांचे क्रमांक असतात; ७७४९१ म्हणजे लाल, ७७४९२ म्हणजे पिवळे, ७७४९९ म्हणजे काळे. त्यांच्या सोबत ७७८९१ हा क्रमांक दिसतो, तो पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा. सावळ्या आणि काळ्यासावळ्या चेहऱ्यांवर जो राखी, भस्म फासल्यासारखा थर दिसतो त्याला बहुधा हा पांढरा घटक कारणीभूत असतो. रंगद्रव्ये सहसा यादीच्या टोकाला एकत्र छापतात, त्यामुळे कोणते किती आहे हे क्रमावरून कळत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

गोऱ्या किंवा निमगोऱ्या त्वचेवर गुलाबी झाक असेल तर पीच छटेचे आणि पिवळसर झाक असेल तर फिकट मधाच्या छटेचे सीरम शोभते. गव्हाळ रंगाला बहुतेक वेळा सोनेरी-पिवळी शेड लागते, पण दुकानांत मीडियम या नावाखाली गुलाबी शेड सर्रास दिली जाते आणि ती चेहऱ्यावर मुखवट्यासारखी वेगळी पडते. सावळ्या रंगासाठी पिवळ्यासोबत लाल रंगद्रव्यही भरपूर असलेली, कॅरमेल किंवा गुळाच्या रंगाची शेड पाहावी. लाल कमी पडले की चेहरा आजारी, फिकुटलेला दिसतो. त्याहून गडद रंगाला लालसर-तपकिरी शेड हवी, आणि ती केवळ काळा रंग वाढवून गडद केलेली नसावी, कारण तशी शेड बोटावर तपकिरी दिसली तरी चेहऱ्यावर करडी पडते. ऑलिव्ह झाक असलेल्यांनी गुलाबी आणि नारिंगी दोन्ही टोके टाळून मधली शेड घ्यावी.

अनेक कंपन्यांकडे टिंटेड सीरमच्या तीन-चारच शेड असतात. तिथे विक्रेता सहसा एक शेड उजळ घेण्याचा आग्रह करतो. तो आग्रह ऐकू नये. टिंटेड सीरमने त्वचा गोरी होत नाही आणि तो त्याचा उद्देशही नाही; उजळ शेडने फक्त चेहरा आणि मान यांच्यातली रेघ ठळक होते. दोन शेडच्या मध्ये अडकलेल्यांनी किंचित गडद शेड घेऊन ती कमी लावावी. काहीच जुळत नसेल तर रंग नसलेले ग्लो सीरम घेऊन, आपल्याला आधीपासून शोभणाऱ्या फाउंडेशनचा एक थेंब तळहातावरच त्यात मिसळावा. बाटलीत मिसळू नये. त्याने परिरक्षकाचे, म्हणजे सीरम टिकवणाऱ्या घटकाचे, प्रमाण बिघडते आणि सीरम नासू शकते.

चमकेचा रंग

चमक दोन मार्गांनी येते. ग्लिसरीन, स्क्वालेन यांसारख्या घटकांनी त्वचा ओलसर दिसते ती एक. आणि अभ्रकाच्या बारीक चकत्यांवरून प्रकाश परतून येते ती दुसरी. अभ्रकाचा क्रमांक ७७०१९. या चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असेल तर चमक चांदीसारखी, लोहाच्या ऑक्साइडचा असेल तर सोनेरी, ताम्रवर्णी किंवा ब्राँझ. गोऱ्या रंगावर मोतिया चमक चालते, गव्हाळ रंगावर सोनेरी, आणि सावळ्या-काळ्यासावळ्या रंगावर ताम्रवर्णी किंवा ब्राँझ चमक इतकी सुरेख दिसते की चांदीची चमक असलेली बाटली तिथे वापरणे म्हणजे शुद्ध नुकसान.

हाताच्या मागच्या बाजूला एक थेंब पसरून दुकानाबाहेर उन्हात यावे आणि हात तिरका-सरळ फिरवून पाहावा. चमक सलग, साय धरल्यासारखी दिसली तर ती चेहऱ्यावर चालेल. वेगवेगळे ठिपके लुकलुकताना दिसले तर ते लग्नाच्या संध्याकाळपुरते ठीक, रोजच्या कॉलेज-ऑफिसला नको. ज्यांच्या गालांवर मुरुमांचे खड्डे आहेत किंवा नाकाजवळची छिद्रे मोठी आहेत, त्यांनी अभ्रकाची चमक त्या भागावर लावूच नये, कारण परतणारा प्रकाश प्रत्येक खळगा उठून दाखवतो. अशांना ओलसर चमकेचे सीरम अधिक शोभते. तेलकट कपाळावर तर कोणतीच वेगळी चमक नको. ती दुपारपर्यंत आपोआप येते.

दुकानात आणि ऑनलाइन खरेदी करताना

सांगलीची गणपती पेठ असो की साताऱ्यात राजवाड्याभोवतीची दुकाने, आतला पिवळा किंवा निळसर प्रकाश फसवा असतो. मनगटावर शेड पाहू नये. मनगट ऊन कमी खाते आणि चेहऱ्यापेक्षा उजळ असते. जबड्याच्या कडेपासून मानेकडे जाणाऱ्या तीन छोट्या उभ्या रेघा, तीन जवळच्या शेडच्या, शेजारी-शेजारी ओढाव्यात. दोन मिनिटांत निर्णय घेऊ नये. उडून जाणारे द्रव सुकल्यावर आणि त्वचेचे तेल मिसळल्यावर बऱ्याच शेड गडद होतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटे बाजारात दुसरे काम करून यावे आणि मग बाहेरच्या उजेडात, सोबतच्या माणसाला पाहायला सांगावे. जी रेघ शोधावी लागते ती आपली शेड. टेस्टरचा ड्रॉपर थेट चेहऱ्याला लावू नये. स्वच्छ कापसावर थेंब घ्यावा.

दुचाकीवर रोज फिरणाऱ्यांचा कपाळापासून गालांपर्यंतचा भाग मानेपेक्षा रापलेला असतो. अशा वेळी शेड जबड्याशी जुळवावी, रापलेल्या गालाशी नाही. ओठांभोवतीचा काळेपणा या सीरमने झाकायला जाऊ नये. त्यासाठी गव्हाळ रंगाला पीच आणि सावळ्या रंगाला नारिंगी करेक्टर (काळेपणा लपवणारे रंगीत क्रीम) अगदी थोडा, आधी लावावा.

ऑनलाइन मागवताना कंपनीच्या चित्रावर भरवसा न ठेवता, आपल्यासारख्या रंगाच्या ग्राहकांनी दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो पाहावेत आणि शक्य असेल तर सर्वांत लहान बाटली आधी घ्यावी. याचा हिशेबही सोपा आहे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो; रोज चार थेंब वापरले तर तीस मिलिलिटरची बाटली सुमारे दीडशे दिवस पुरते. जी बाटली उघडल्यानंतर सहा महिन्यांत संपवायची असते ती रोज वापरणाऱ्यालाच वेळेत संपते. सणासुदीला आणि लग्नकार्यालाच लावणाऱ्यांनी पंधरा मिलिलिटरच्या वर जाऊ नये.

वेष्टणावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असायलाच हवी; आयात मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी हे बंधनकारक केले आहे. आठवडा बाजारात किंवा ओळखीतून मिळणाऱ्या, यादी नसलेल्या ग्लो बाटल्या आणि क्रीम कितीही स्वस्त असल्या तरी घेऊ नयेत. चार दिवसांत उजळपणा देणाऱ्या अशा मालात पारा किंवा स्टेरॉईड असू शकते. पाऱ्याने मूत्रपिंडांना इजा होते आणि स्टेरॉईडने चेहऱ्याची त्वचा पातळ, लाल आणि मुरूमग्रस्त होते.

सनस्क्रीनचा प्रश्न

बाटलीवर एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) लिहिले म्हणून सनस्क्रीन वगळण्याची चूक फार जण करतात. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर देऊन मोजलेला असतो. पूर्ण चेहऱ्यासाठी ते प्रमाण साधारण सव्वा ग्रॅम होते. चार थेंब सीरम म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. इतका पातळ थर बाटलीवर छापलेले संरक्षण देऊ शकत नाही. म्हणून तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतके सनस्क्रीन आधी लावणे अपरिहार्य आहे, आणि महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी तर अधिकच, कारण दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. तिथल्या थंड हवेत ऊन भाजत असल्याचे जाणवत नाही, एवढेच.

वांग असलेल्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत केवळ अतिनील किरणांनीच नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही काळेपणा वाढतो, आणि लोहाची ऑक्साइडे हा प्रकाश अडवतात. याचा लाभ घ्यायचा असेल तर पूर्ण थराने लावता येणारे टिंटेड सनस्क्रीन घ्यावे आणि त्यावर चमकेपुरते सीरम गालांच्या उंचवट्यावर लावावे.

लावणे, टिकवणे, काढणे

खरेदीनंतर लगेच चेहऱ्याला न लावता कोपराच्या आतल्या बाजूस, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा सात ते दहा दिवस लावून पाहावे. खाज, पुरळ, लाली आली नाही तर चेहऱ्याकडे वळावे. गरोदरपणात किंवा तशी तयारी असल्यास रेटिनॉल असलेले सीरम घेऊ नये.

चेहरा धुऊन मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन लावून दहा मिनिटे थांबावे. त्यानंतर दोन थेंब तळहातावर घेऊन बोटांनी गालांच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला, चोळण्याऐवजी थापत न्यावे. कमी वाटले तरच तिसरा-चौथा थेंब घ्यावा. उरलेला हात कानांच्या पाळ्या आणि मानेवरून फिरवावा. चोळताना मळासारख्या वळ्या सुटू लागल्या तर खालचा थर पुरता सुकलेला नाही, किंवा सिलिकॉनचे सनस्क्रीन आणि पाण्याचे सीरम एकमेकांना मानवत नाहीत, असे समजावे. आधी थांबण्याची वेळ वाढवावी. तरीही वळ्या सुटल्या तर दोहोंपैकी एक बदलावे.

आपल्याकडे सर्वांत मोठी कसोटी स्कार्फची असते. दुचाकीवर निघताना चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेल्या स्कार्फला नाक, गालांची हाडे आणि जबडा याच ठिकाणी सीरम पुसले जाते, आणि साताऱ्यात पोवई नाक्यावर पोहोचेपर्यंत पांढऱ्या कापडावर तपकिरी कमान उमटलेली असते. सीरम लावल्यावर दहा मिनिटे तसेच राहावे, या तीन ठिकाणी पारदर्शक पावडरचा अगदी हलका हात द्यावा, आणि स्कार्फ मऊ सुती व गडद रंगाचा घ्यावा. लांबचा प्रवास असेल तर घरून फक्त सनस्क्रीन लावून निघावे आणि पोहोचल्यावर टिंट लावावा. हा मार्ग सर्वांत निर्वेध आहे.

रात्री नुसत्या फेसवॉशने सिलिकॉनमध्ये बसलेली रंगद्रव्ये पूर्ण निघत नाहीत. आधी मायसेलर वॉटर किंवा क्लेन्झिंग बामने पुसून मग चेहरा धुवावा, आणि ओल्या पांढऱ्या कापसावर रंग येणे थांबले की पुरे. खोबरेल तेलाने पुसण्याची पद्धत कोरड्या त्वचेला चालते, मुरूम येणाऱ्यांना नाही. बाटली उघडल्याची तारीख मार्करने तळाशी लिहावी, ती न्हाणीघरातल्या वाफेत किंवा गाडीच्या डिकीत न ठेवता कपाटात ठेवावी, आणि वास बदलला, थर वेगळे होऊन हलवल्यावरही एकजीव झाले नाहीत, तर मुदत शिल्लक असली तरी टाकून द्यावी. जळजळ किंवा पुरळ दोन-तीन दिवसांत ओसरले नाही तर बाटली सोबत घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, म्हणजे घटकांची यादी त्यांना तिथेच तपासता येते.